हॉल ऑफ फेममध्ये कोण जायला पाहिजे? सतत विचारले जाणारे प्रश्न आणि माझी थोडी वैतागलेली उत्तरं

दरवर्षी एप्रिलच्या आसपास बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे ह्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनाची, नवीन यादी येते आणि त्याच रात्रीपासून तीच भांडणं परत सुरू होतात, ह्याला का घेतलं, त्याला का नाही घेतलं, अमक्याला रिंग (विजेतेपदाची अंगठी) नाही तरी कसा आत, तमक्याकडे सात रिंग तरी बाहेर कसा. माझा आतेभाऊ ह्यातला सगळ्यात मोठा वकील. त्याच्याशी इतकी वर्षं भांडून आता उत्तरं तोंडपाठ झालीत, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. नावं २०२५ च्या यादीपर्यंतची धरलीत.

हे एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगचं, हॉल ऑफ फेम आहे ना?

नाही हो. अर्धी भांडणं इथंच संपायला पाहिजेत पण संपत नाहीत. ह्याचं पूर्ण नाव नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला आहे, कारण डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामाच्या मास्तरांनी तिथंच पीचच्या टोपल्या वर ठोकून, १३ नियम लिहून हा खेळ सुरू केला. हॉलचे पहिले सदस्य १९५९ चे, पहिली इमारत १९६८ ची. एनबीए हा ह्यातला एक भाग झाला, मोठा आहे, पण भागच. कॉलेजचा खेळ, बायकांचा खेळ, अमेरिकेबाहेरचे लोक, कोच, रेफरी, टीमचे मालक, आख्ख्याच्या आख्ख्या टीम, सगळं ह्यात येतं. २०२५ चीच यादी बघा, कार्मेलो अँथनी आणि ड्वाइट हॉवर्डच्या बरोबरीने सू बर्ड, माया मूर, सिल्विया फाउल्स, कोच बिली डोनोव्हन, रेफरी डॅनी क्रॉफर्ड, मायामी हीटचे मालक मिकी ॲरिसन, आणि २००८ ची अमेरिकेची ऑलिम्पिक टीम.

त्यामुळे "एनबीएमध्ये ह्याचे आकडे एवढेसेच आहेत" हे म्हणण्याआधी तो माणूस कशासाठी आत आलाय ते बघायचं.

मग निवडतं कोण? फॅन्सना मत असतं का?

फॅन्सना नाही. आधी छोट्या कमिट्या असतात, त्या छाननी करून फायनलिस्ट ठरवतात, मग २४ जणांची मोठी कमिटी मतदान करते आणि त्यातली १८ मतं पडली की आत. आणि ह्या २४ जणांची नावं जाहीर करत नाहीत. मला हॉलबद्दल सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. बेसबॉलला निदान पत्रकार मत देतात आणि त्यातले कित्येक जण स्वतःची मतपत्रिका छापून मोकळे होतात, मग लोकांनी शिव्या घालायच्या तर कुणाला घालायच्या ते तरी कळतं. इथं कुणी कुणाला नाही म्हटलं, का म्हटलं, काही पत्ता नाही. आपण म्हणतो पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच जण कोण हे तरी माहीत पाहिजे की नको.

शिवाय २०११ पासून काही कमिट्या एखाद्याला थेट आत पाठवू शकतात, म्हणजे जुने खेळाडू, परदेशी खेळाडू, सुरुवातीच्या काळातले कृष्णवर्णीय खेळाडू वगैरे. "हा कोण बुवा, ह्याचं नाव कधी ऐकलं नाही" अशी जी नावं यादीत दिसतात त्यातली बरीच ह्या वाटेने येतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की ही वाट हॉलने केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी एक आहे. ऐकलं नाही हा आपला दोष, त्याचा नाही.

रिटायर झाल्यावर किती थांबावं लागतं?

आधी पाच वर्षं होती, मग चार, मग तीन, आणि त्यानंतर आणखी कमी. शकील ओनील (शॅक) आणि याओ मिंग दोघं २०११ ला थांबले ते २०१६ ला आले. पाउ गसोलने २०२१ ला निवृत्ती घेतली आणि २०२३ ला आत. मला ही घाई फारशी आवडत नाही पण ज्यांचं नक्कीच आहे त्यांना ताटकळत ठेवून तरी काय मिळणार. कोचना तर निवृत्त व्हायचीही गरज नाही, ग्रेग पॉपोविच २०२३ मध्ये आत आला तेव्हा कोचिंग करतच होता.

रॉबर्ट हॉरीकडे सात रिंग आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. तो बाहेर कसा?

आला, आतेभावाचा प्रश्न आला.

२६ मे २००२ आठवा. लेकर्स विरुद्ध किंग्ज, वेस्टची (पश्चिम विभागाची) फायनल, चौथी मॅच. किंग्ज सिरीजमध्ये २-१ पुढे आणि ह्या मॅचमध्येही ९९-९७ पुढे, शेवटचे काही सेकंद. कोबी आत घुसला, चुकला. शॅकने रिबाउंड (चुकून परत आलेला बॉल) घेऊन परत टाकला, चुकला. आता बॉल बास्केटच्या खाली गर्दीत पडला असता तर संपलंच होतं, पण व्लादे डिवात्सने धोका नको म्हणून हाताने बॉल लांब बाहेर ढकलला, आणि तो टप्पे खात बरोब्बर हॉरीच्या हातात. थ्रीच्या (तीन पॉइंटच्या) रेषेबाहेर, समोर उभा, पाय जमिनीवर नीट रोवलेले, जणू कुणी प्रेमाने पासच दिलाय. टाकला, गेला, १००-९९. लेकर्स ३-१ ने मागे पडायचे ते २-२ झाले, पुढं सात मॅचमध्ये सिरीज घेतली आणि रिंगसुद्धा.

असे शॉट ह्या माणसाने करिअरभर टाकले. ह्यूस्टनबरोबर दोन रिंग, लेकर्सबरोबर तीन, सॅन अँटोनिओबरोबर दोन. पण पूर्ण करिअरमध्ये एकदाही ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडलेला) नाही. तो ओलाजुवॉन, शॅक, कोबी, डंकन ह्यांच्या शेजारी खेळला आणि त्यांची मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांनी आणून ठेवलेली असायची. माझं उत्तर, खेळाडू म्हणून नाही. ते शॉट हॉलमधल्या पडद्यावर दिवसभर दाखवा, मी तिकीट काढून बघेन, पण हॉलमध्ये त्याच्या नावाची पाटी नको. गंमत बघा, ज्या डिवात्सने तो बॉल ढकलला तो २०१९ पासून आत आहे, आणि त्याच किंग्जचा ख्रिस वेबर २०२१ पासून.

म्हणजे ऑल-स्टार नसेल तर आत जाता येतच नाही?

जाता येतं की. मायकल कूपर, लेकर्सचा, एकदाही ऑल-स्टार नाही, करिअरची सरासरी नऊ पॉइंटच्याही खाली, आणि २०२४ ला आत. मग आतेभाऊ म्हणतो, बघ, कूपर आत तर हॉरी का नाही? कारण कूपर १९८७ चा सर्वोत्तम डिफेन्डर ठरला होता आणि लेकर्सच्या पाच रिंगमध्ये समोरच्या टीमचा सगळ्यात डेंजर माणूस रोजच्या रोज त्याच्या गळ्यात असायचा, फक्त शेवटच्या शॉटपुरता नाही. कुणाला हे पटत नाही, ठीक आहे, जवळचीच केस आहे ती, मी पण ह्यावर हातघाईवर येणार नाही.

उलट बाजू पण आहे. लॅरी फाउस्ट आठ वेळा ऑल-स्टार, अजून बाहेर. जो जॉन्सन सात वेळा, तोही बाहेर. त्यामुळे ऑल-स्टार मोजून काही सिद्ध होत नाही.

बेन वॉलेसची सरासरी सहा पॉइंटसुद्धा नाही. हा कसला हॉल ऑफ फेमर?

एक नंबरचा. कुठल्याच टीमने ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडू निवडायच्या फेरीत) घेतलं नव्हतं त्याला. तिथून चार वेळा वर्षातला सर्वोत्तम डिफेन्डर, आणि २००४ ला डेट्रॉइटने शॅक-कोबीच्या लेकर्सला फायनलमध्ये ४-१ ने लोळवलं त्यातला मधला खांब हाच. अर्धा खेळ डिफेन्सचा असतो आणि आपण फक्त पॉइंटचा रकाना वाचतो, मग असले प्रश्न पडतात. त्या टीमचा बिलप्स पण २०२४ ला गेला, कोच लॅरी ब्राउन तर आधीपासूनच आत. रशीद वॉलेस अजून बाहेर आहे आणि मला ते जरा लागतं, पण तो वादाचा विषय आहे हे मान्य.

रिंग नाही, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) काही केलं नाही, तरी मॅकग्रेडीला २०१७ ला घेतलं. का?

९ डिसेंबर २००४. ह्यूस्टन विरुद्ध सॅन अँटोनिओ, मिनिटभर सुद्धा राहिलेलं नाही आणि ह्यूस्टन हरल्यात जमा, लोक उठून निघालेसुद्धा होते. मॅकग्रेडीने थ्री टाकला. मग दुसरा, तोही डंकनचा फाउल अंगावर घेऊन, वरचा एक फ्री थ्रो धरून चार पॉइंट. मग तिसरा. तेवढ्यात समोरचा बॉल घेऊन जाणारा पाय घसरून पडला, मॅकग्रेडीने बॉल उचलला, पळत गेला, चौथा थ्री. ३३ सेकंदात १३ पॉइंट आणि ह्यूस्टन ८१-८० ने जिंकलं.

आता ही सीझनमधली एक साधी मॅच आहे, ह्यावर कुणी पाटी देत नाही, मलाही कळतं. मी एवढंच सांगतोय की त्या काळात त्याला थांबवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं, २००३ आणि २००४, लीगमध्ये सगळ्यात जास्त सरासरी त्याचीच. पाठ आणि गुडघा साथ देईनात, टीम कधी नीट बनली नाही. रिंग टीमला मिळते हो, पाटी माणसाला मिळते. रिंग नाही म्हणून बाहेर काढायचं तर बार्कली, मलोन, स्टॉकटन, युइंग सगळ्यांनाच बाहेर काढा मग.

थोडीच वर्षं खेळला पण जबरदस्त खेळला, त्याचं काय?

हा खरा चांगला प्रश्न आहे. बिल वॉल्टन एनबीएत ४६८ मॅच खेळला, पाय सतत मोडलेले, पण १९७७ ला पोर्टलंडला जिंकवलं, १९७८ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), आणि त्याआधीचं कॉलेज तर विचारूच नका. याओ ४८६ मॅच. मॉरिस स्टोक्स फक्त तीन सीझन, मग डोक्याला मार लागून सगळं अंग लुळं पडलं, तोही आत. दुसऱ्या टोकाला विन्स कार्टर, २२ सीझन, चार वेगवेगळ्या दशकांत खेळलेला एकमेव माणूस.

आणि माया मूर. आठ सीझन, चार रिंग, आणि २०१९ मध्ये ऐन भरात, तिशीच्या आतच खेळ सोडून दिला, कशासाठी तर तुरुंगात चुकीने अडकलेल्या एका माणसाची सुटका करायला. २०२० मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. ती परत खेळलीच नाही. आतेभाऊ म्हणतो आणखी सहा वर्षं खेळली असती तर बायकांमध्ये सर्वोत्तम ठरली असती. असेल. मी म्हणतो जेवढं खेळली त्यावरच ठरवा, आणि तेवढं बास आहे. माझा हिशोब सोपा आहे, तीन-चार वर्षं जो लीगच्या अगदी वरच्या पाचात होता तो, आणि पंधरा वर्षं जो विसाव्या नंबरच्या आसपास होता तो, ह्यात मी पहिल्याला घेतो. दुसऱ्याला घेणारे लोक पण भेटतात, ते शक्यतो स्वतःच्या टीमच्या माणसाबद्दल बोलत असतात.

परदेशी खेळाडूंना एवढी सूट का?

सूट कसली! ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटचं ऐका. १९८४ ला एनबीएच्या टीमने ड्राफ्ट केलं, हा गेला नाही, कारण तेव्हाच्या नियमाने एनबीएत खेळलं की देशाच्या टीममधून खेळता येत नसे. मग १९८७ ची पॅन अमेरिकन स्पर्धा, फायनल, तीसुद्धा इंडियानापोलिसमध्ये म्हणजे अमेरिकेच्या घरात, आणि ब्राझीलने अमेरिकेला १२०-११५ हरवलं, ऑस्करचे ४६ पॉइंट. एनबीएत एक मिनिट खेळला नाही आणि २०१३ ला हॉलमध्ये. बरोबरच आहे. तीच गोष्ट लिथुआनियाच्या साबोनिसची, एनबीएत पोचेपर्यंत गुडघे-घोटे संपले होते, तिथं जे दिसलं ते उरलेलं होतं. निकोस गालिसला ग्रीसमध्ये जाऊन विचारा. तो नियम १९८९ ला उठला, त्याच्या आधीचे हे लोक दार बंद असताना बाहेर खेळत होते, आणि आपण विचारतो आत किती खेळलास.

बायकांच्या यादीवर वाद का होत नाही?

कारण आपण बघत नाही. एवढंच उत्तर आहे. वाद व्हायला पाहिजे खरं तर. सिंथिया कूपरला डब्ल्यूएनबीएची, म्हणजे बायकांच्या लीगची, पहिली चार विजेतेपदं लागोपाठ मिळाली, १९९७ ते २०००, ती लीग सुरू झाली तेव्हा तिचं वय तिशीच्या पुढं गेलं होतं, आणि तिला २०१० पर्यंत थांबावं लागलं. खेळाडू म्हणून पहिल्या दोन बायका, लुसिया हॅरिस आणि नेरा व्हाइट, १९९२ मध्ये आत गेल्या. १९५९ ला सुरू झालेल्या हॉलमध्ये. करा हिशोब.

वागणूक धरतात का? म्हणजे बाहेर काही भानगडी केल्या असतील तर?

अधिकृतपणे काय ते २४ जणांना माहीत. पण वेबरची वाट बघा, २००८ ला रिटायर, २०२१ ला आत. कॉलेजमधलं पैशाचं प्रकरण मागं लागलेलं, त्यात १९९३ च्या कॉलेजच्या फायनलमध्ये टाइमआउट शिल्लक नसताना त्याने घेतलेला तो टाइमआउट, लोक अजून तेच काढतात. टिम हार्डवे २००७ मध्ये समलिंगी लोकांबद्दल अतिशय वाईट बोलला होता, नंतर माफी मागितली, पुढं त्यांच्या बाजूने उभाही राहिला, २०२२ ला आत आला. मला विचाराल तर कोर्टवरचं काम कोर्टवर मोजावं, पण ज्याला हे पटत नाही त्याच्याशी मी भांडत नाही.

सगळ्यात मोठा अन्याय कुणावर झाला?

इथं लोक बाहेर राहिलेल्यांची नावं घेतात. मी उशिरा आलेल्यांची घेतो.

डेनिस जॉन्सन, डीजे. १९७८ च्या फायनलची सातवी मॅच, ह्याने १४ शॉट टाकले आणि एकही गेला नाही. शून्य. कुणाचंही करिअर तिथं संपलं असतं. पुढच्याच वर्षी तीच फायनल, ह्याची टीम सिएटल जिंकली, आणि फायनलचा एमव्हीपी हाच. नंतर बॉस्टनबरोबर दोन रिंग. १९८७ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध लॅरी बर्डने शेवटच्या सेकंदांत चोरलेला तो बॉल, सगळे बर्डचा हात आठवतात, पण बास्केटकडे धाव घेऊन तो बॉल आत घालणारा डीजे होता. बर्ड त्याला आपल्याबरोबर खेळलेल्यांत सर्वोत्तम म्हणायचा. त्याला हॉलमध्ये घेतलं २०१० ला. तो २००७ मध्येच वारला होता. बैल गेला अन् झोपा केला. लू हडसन २०१४ ला वारला, पाटी २०२२ ला. वॉल्टर डेव्हिस नोव्हेंबर २०२३ ला वारला, पाटी २०२४ ला, काही महिन्यांनी हुकली. त्या वर्षी डिक बार्नेट निदान हयातीत आत आला, निक्सच्या १९७० आणि १९७३ च्या दोन्ही विजेत्या टीममधला माणूस, पन्नास वर्षं थांबून.

आणि चक कूपर. १९५० मध्ये एनबीएच्या टीमने ड्राफ्ट केलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९८४ ला वारला. २०१९ ला हॉलमध्ये. ह्याच्यामुळे बिल रसेल, ११ रिंगवाला रसेल, १९७५ मध्ये निवड होऊनही समारंभाला गेला नाही, म्हणाला माझ्याआधी आत जायला पाहिजेत असे लोक आहेत. त्याने हॉलची रिंग घेतली ती २०१९ मध्ये, कूपर आत गेल्यावर, चार लोकांत, घरगुती. ४४ वर्षं. हॉलमध्ये कोण पाहिजे ह्यावर सगळ्यात ठाम मत त्याचंच होतं असं मला वाटतं.

तुमच्या हातात एक मत दिलं तर?

शॉन मॅरियन. १७ हजारांवर पॉइंट, १० हजारांवर रिबाउंड, शॉट टाकायची पद्धत अशी की लहान पोराने वजनदार बॉल कसाबसा ढकलावा, पण जायचा. फिनिक्समध्ये नॅश पास द्यायचा, सगळे नॅशला बघायचे, आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या गार्डपासून सेंटरपर्यंत कुणालाही मॅरियन धरायचा. २०११ ला डॅलसने मायामीला हरवलं तेव्हा लेब्रॉनच्या अंगावर सर्वात जास्त वेळ कोण होतं? तोच. मला दुसरं मत दिलं तर बक विल्यम्स, १३ हजारांवर रिबाउंड काय खायचं काम नाही.

एकच माणूस दोनदा जाऊ शकतो?

हो. जॉन वुडन खेळाडू आणि कोच. रसेल तसाच. जेरी वेस्ट तर तीनदा, खेळाडू, १९६० ची ऑलिम्पिक टीम, आणि २०२४ ला टीम बांधणारा म्हणून. लेनी विल्कन्स पण तीनदा. कार्मेलो आणि ड्वाइट तर एकाच दिवशी दोनदा, एकदा स्वतःचे आणि एकदा २००८ च्या टीमचे.

पुढचा मोठा वाद कोणता?

डेरिक रोज. २०११ चा एमव्हीपी, वय २२, इतक्या लहान वयात कुणीच झालं नव्हतं. २८ एप्रिल २०१२, प्लेऑफची पहिलीच मॅच, जिंकत आलेली, गुडघा गेला. त्यानंतर बरीच वर्षं खेळला पण तो रोज परत दिसला नाही. २०२४ ला निवृत्ती. आता आजवर एनबीएचा एमव्हीपी झालेला आणि निवडीला पात्र ठरलेला एकही माणूस बाहेर राहिलेला नाही, त्यामुळे रोजला नाही म्हटलं तर तो पहिला ठरेल. वर मी थोड्या वर्षांच्या बाजूने एवढं बोललो, त्यामुळे मला हो म्हणावंच लागेल, पण खरं सांगू का, त्याची खरी भारी वर्षं तीनसुद्धा नीट भरत नाहीत आणि माझा हात जरा थरथरतो. आतेभावाला विचारलं. आयुष्यभर रिंग मोजणारा माणूस, म्हणाला, "अरे रोज आहे तो, घ्यायलाच पाहिजे." मी म्हटलं रिंग किती आहेत त्याच्याकडे? तर म्हणे विषय बदलू नको.